शिरोरेघेची नळी, कान्याचा दोर: जाहिरातीत अक्षरालाच चित्र कसं करायचं

आमच्याकडच्या कुठल्याही फाट्यावर उभं राहून कृषी केंद्रांचे फ्लेक्स बघा. एक हसरा शेतकरी, दोन फुटलेली बोंडं, औषधाचा डबा, मालकाचा फोटो, आणि उरलेल्या जागेत कोंबलेली अक्षरं. पुढच्या दुकानावर तोच शेतकरी, कारण फोटो दोघांनीही नेटवरून एकाच ठिकाणाहून घेतलेला. पैसे दोघांचेही गेले आणि लक्षात एकही दुकान राहिलं नाही.

यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे. वेगळं चित्र लावायचंच नाही. नावातल्या किंवा मुख्य शब्दातल्या अक्षरालाच चित्राचं काम द्यायचं. मी यवतमाळ जिल्ह्यात भिंती रंगवत अक्षर शिकलो, पुढे डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची अक्षरं जुळवायच्या) खुर्चीवर बसलो, आणि दोन्हीकडे हे काम मनापासून करत आलो. गावातले पेंटर, तालुक्याला फ्लेक्स बनवणारी पोरं-पोरी आणि आपल्या दुकानाची पाटी स्वतः करू पाहणारे, या सगळ्यांसाठी माझी पद्धत इथे पायरीपायरीनं सांगतो.

अमेरिकेतले अक्षररचनाकार हर्ब लुबालिन यांनी १९६५ साली 'मदर अँड चाइल्ड' या मासिकासाठी एक नाव रेखाटलं. 'मदर'मधला गोल 'ओ', त्याच्या पोटात 'आणि'चं चिन्ह (&), आणि त्या चिन्हाच्या कुशीत 'चाइल्ड' हा शब्द. आईच्या पोटातलं बाळ दिसतं, आणि चित्र एकही काढलेलं नाही. मासिक निघालं नाही, पण ते अक्षरचित्र आजही शिकवलं जातं. आपल्याकडे र. कृ. जोशी उल्का या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक होते, पुढे आयआयटी मुंबईत शिकवत होते. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनीच घडवला. आणि कमल शेडगे यांनी नाटकांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी अशी काढली, की वाचणारा शब्द वाचायच्या आधी नाटक ओळखायचा.

लुबालिन यांची युक्ती आपल्याला तशीच उचलता येत नाही. रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात, आपली शिरोरेघेला लटकतात. म्हणून आपला माल वेगळा आहे: शिरोरेघ, दंड (अक्षराची उभी रेघ), काना, वेलांटी, उकार, मात्रा, रफार, जोडाक्षर. बाकी सगळं या मालाची ओळख झाल्यावरच.

आधी क्रियापद शोधा

कोऱ्या कागदावर शब्द मोठा लिहा. त्याच्या बाजूला त्या धंद्यात काय घडतं ते फक्त क्रियापदांत लिहा. बोअरवेल: खाली जातं. ठिबक: टपकतं, पसरतं. जिनिंग: सरकी सुटते. रोपवाटिका: जोडलं जातं, फुटतं. मग त्या शब्दातला कोणता अवयव तेच काम करू शकेल, ते शोधा.

वस्तूच्या नावापासून सुरुवात केली की हात नेमका सोप्या जागी जातो. वरुड, मोर्शी, काटोल या रस्त्यांवर 'संत्रा'च्या अनुस्वाराचं फळ केलेल्या पाट्या इतक्या आहेत, की डोळा तिथे थांबतच नाही. शिवाय फळ शोभून दिसावं म्हणून अनुस्वार इतका फुगवतात, की लांबून तो सूर्य वाटतो आणि खाली उरतं 'सत्रा'. क्रियापदापासून निघालात तर असं होत नाही, कारण तुम्ही शब्दावर काही चिकटवत नाही, शब्दाकडून काम करून घेता.

एका शब्दात एकच बदल करा. वेलांटीचा साप, उकाराचा नांगर आणि शिरोरेघेचा बांध एकाच नावात घातलात तर तिन्ही मरतात.

बऱ्याच नावांत काहीच सापडत नाही. तिथे ओढूनताणून चित्र करू नका. चांगलं, ठसठशीत, मोकळं अक्षर काढा आणि पैसे घ्या. तेही प्रामाणिक काम आहे.

दंड आणि काना: ओढा, पण गोलाई सोडा

एका बोअरवेल मशीनवाल्या भाऊंची भिंत होती, रस्त्याला लागून, ९ फूट उंच. त्यांना मशीनचं चित्र, पाण्याचं कारंजं, देवाचा फोटो, सगळं हवं होतं. मी कागदावर एकच शब्द काढून नेला: खोल. 'खो'चा काना खाली सोडला, सरळ भिंतीच्या पायापर्यंत. शब्द १८ इंचांचा आणि काना ५ फुटांच्या वर. भाऊ जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे जमलं. कारंजं राहू दे."

कान्याची उभी रेघ कितीही ओढली तरी वाचन बिघडत नाही, कारण काना म्हणजे मुळात एक रेघच. त, प, म, स, ग यांचे दंडही ओढता येतात, फक्त काना जितका सहन करतो तितकं ते करत नाहीत. 'क', 'फ' यांचा दंड मधोमध असतो. तो ओढला की अक्षर भाल्यासारखं दिसतं, तेव्हा जपून. ठ, ट, ड, व, ब यांची गोलाई मात्र उभी ताणायची नाही. ताणलेली गोलाई अक्षर लगेच परकं करते.

या भिंतीवर माझ्याकडून एक चूक झाली. कान्याला जागा मिळावी म्हणून मी 'ख'चे दोन भाग जरा सैल केले होते. सुतळी गेरूत बुडवून रेघा झटकल्या, बाह्यरेषा काढून झाली, आणि शाळेतून येणारं एक पोट्टं थांबून मोठ्यानं वाचू लागलं, "रवोल." भाऊ माझ्याकडे वळले, "पेंटरभाऊ, हे पोट्टं काय वाचून रायलं?" पोरगं बरोबर वाचत होतं. 'ख' सुटला की 'र' आणि 'व' होतो. म्हणूनच छापील 'ख'मध्ये र-चं शेपूट व-च्या पोटाला जोडलेलं असतं. मी ती जोड पुसून पुन्हा काढली, घट्ट. तेव्हापासून बदल करायच्या आधी मी त्या अक्षराचा शेजारी तपासतो: ख आणि रव, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. चित्र करताना ज्या बारीक खुणेनं हे शेजारी वेगळे होतात, तिला हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट याच भिंतीनं शिकवली. ओढलेली रेघ डोळ्याला ओढत नेते. तिच्या टोकाला काय आहे, हे तुम्हीच ठरवायचं. मी तिथे मोबाईल नंबर लिहिला.

शिरोरेघ: सगळ्यात ताकदीची आणि सगळ्यात धोक्याची

'ठिबक' हा शब्द जणू यासाठीच घडलाय. आडवी शिरोरेघ म्हणजे शेतात अंथरलेली लॅटरल नळी, आणि तिला लटकलेली अक्षरं म्हणजे पाणी. नळी आमच्याकडे बहुतेक १६ मिलिमीटरची काळी असते, म्हणून शिरोरेघ काळी आणि अक्षरांच्या जाडीपेक्षा बारीक ठेवायची, दोन्ही टोकांना शब्दाच्या बाहेर काढायची. 'ठ'च्या पोटातली जागा भरून ओलावा दाखवायचा. इथे एक बारकावा आहे. काळ्या भारी मातीत ठिबकचं पाणी आडवं पसरतं, हलक्या मातीत सरळ खाली उतरतं. म्हणून आमच्या भागासाठी 'ठ'ची गोलाई मी आडवी, बसकी ठेवली. बसका 'ठ' वाचायला अडत नाही, आणि शेतकऱ्याला तो आपल्या मातीसारखा वाटतो.

आता उलटी बाजू. गोंदियाकडच्या एका राईस मिलच्या पोत्यासाठी 'धान' शब्द करायचा होता. शिरोरेघेची लोंबी करावी, दाण्यांनी भरलेली, उजवीकडे वाकलेली, असं डोक्यात आलं. काढलं, सुंदर दिसलं. मिलवर नमुना दाखवला तर पोती उचलणाऱ्या मामांनी हळूच विचारलं, "हे घान काऊन लिहिलं?" 'ध'च्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते, तीच त्याची ओळख. माझी लोंबी सलग गेल्यामुळे 'ध'चा 'घ' झाला होता. आणि आमच्याकडे बोलण्यात 'ण'चा 'न' होतो, म्हणजे तांदळाच्या पोत्यावर मी घाण लिहून ठेवली होती. छपाई व्हायची होती म्हणून वाचलो.

दुरुस्ती सोपी निघाली. 'ध' मोकळा ठेवला आणि लोंबी त्याच्या दंडापासून सुरू करून 'न'वरून पुढे वाकवली. आता ती तुटलेली जागाच लोंबी फुटायची जागा झाली. ध, भ आणि थ, ही अक्षरं शब्दात असतील तर शिरोरेघेवर काम करायच्या आधी दोनदा विचार करा.

कागदापासून फाईलपर्यंत: 'कलम'

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. मोर्शीच्या बाजूला एक काकू संत्र्याची रोपवाटिका चालवतात. त्यांना पाटी, पत्रक आणि रोपाला बांधायचं लेबल हवं होतं. क्रियापद होतं जोडणं: जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (कोंब फुटणारी कळी) भरतात, तो फुटला की कलम तयार. म्हणून शब्द घेतला 'कलम'.

आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं शब्द दहा वेळा लिहिला, दहाही वेळा वेगळ्या जाडीत. कॉम्प्युटर तोवर बंद. फॉन्ट समोर आला की मन त्याच्या सोयीनं चालतं, म्हणून पहिला दिवस हाताचाच ठेवावा. बोरू असेल तर उत्तम. देवनागरी बोरूचं टोक रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे आपल्या अक्षरात जाड-बारीक कुठे येतं ते हाताला आपोआप कळतं. उलट ठिकाणी जाडी आली की अक्षर मराठी दिसत नाही, पण कारण सांगता येत नाही.

दहातून एक निवडला: जाड, उभ्या दंडांचा. शेवटच्या 'म'चा दंड हे रोपाचं खोड. खालचा भाग गडद हिरवा, म्हणजे खुंट. वरचा भाग उरलेल्या शब्दाच्या रंगात, आणि जोडावर एक छोटा डोळा. एवढाच बदल.

काकूंनी कागद हातात घेतला आणि जोडावर बोट ठेवलं. "इतक्या खाली डोळा भरला तं झाड डिंक्यानं जाईन, भाऊ." मी जोड दंडाच्या अगदी तळाशी काढला होता, दिसायला बरा म्हणून. जोड मातीजवळ असला की ओल्या मातीतली बुरशी सालीत शिरते, म्हणून डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर भरतात. ही गोष्ट संत्रा लावणारा प्रत्येक जण जाणतो. ती पाटी तशीच लागली असती तर बघणाऱ्यानं काकूंच्या रोपांवरच शंका घेतली असती. जोड दंडाच्या तिसऱ्या हिश्शावर आणला. डिझाईनच्या दृष्टीनंही तो तिथेच शोभला.

म्हणून माझी ही पायरी आता ठरलेली आहे: चित्र पक्कं करायच्या आधी ते त्या धंद्यातल्या माणसाला दाखवायचं, आणि "आवडलं का" असं न विचारता "यात चूक काय" असं विचारायचं.

मग फोटो काढून कॉम्प्युटरवर. इंकस्केप फुकट आहे आणि युनिकोड मराठी नीट जोडतं. कोरल ड्रॉ असेल तर ते. फोटो खाली ठेवून त्यावर अक्षर गिरवा, कमीत कमी बिंदूंत. गोलाईवर जितके जास्त बिंदू, तितकी ती खडबडीत. फॉन्टवरून सुरुवात करायची असेल तर 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, धंद्याच्या कामाला चालतात. त्यांचाच मोदक फॉन्ट इतका गुबगुबीत आहे, की मिठाईच्या, फरसाणाच्या दुकानाला अक्षर हेच चित्र होतं. पण त्याच्या पोटातल्या जागा जवळजवळ बंद असल्यानं लहान आकारात तो वापरू नका.

फॉन्ट कुठलाही घ्या, आधी दोन गोष्टी टाईप करून बघा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी? 'कलम'मधला 'ल' हिंदी वळणाचा आला तर माझ्या डोळ्याला तो परगावचा वाटतो. मी तो हातानं बदलला. आणि दुसरं, 'शेतकऱ्यांसाठी' लिहून बघा. आमच्याकडच्या दर दुसऱ्या फ्लेक्सवर हा शब्द असतो आणि कित्येकदा 'शेतकर्यांसाठी' असा छापलेला असतो, कारण फॉन्टमध्ये 'ऱ्य'चा तो वळणदार अर्धा र नसतो किंवा टाईप करणाऱ्याला सापडत नाही. ज्याच्यासाठी जाहिरात आहे त्याचंच नाव चुकीचं, याचा मला फार त्रास होतो. अक्षराचं चित्र करायला निघालेल्या माणसानं तरी हे होऊ देऊ नये.

फाईल पाठवताना एक प्रत बदलता येण्यासारखी ठेवा आणि दुसरीत सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या रेषांत) बदलून पीडीएफ करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हं होऊन उघडते, आणि रात्री अकरा वाजता फ्लेक्सवाल्याकडे ते कुणी तपासत नाही.

तपासायचं कसं

पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा: १० फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर १ इंच उंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, वेलांटी-उकार धरू नका. 'खोल' १८ इंच, म्हणजे साधारण १८० फूट, ५५ मीटर. मोटरसायकल ताशी ४० किलोमीटरनं येत असेल तर सेकंदाला ११ मीटर जाते. वाचायला मिळाले ५ सेकंद. त्यात शब्द, चित्र आणि नंबर. दुसरी ओळ कशाला हवी ते या हिशोबावरून ठरवा.

झेरॉक्सवर शब्द अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. चित्र हरवलं तरी चालेल, शब्द हरवता कामा नये. मग तीन माणसांना दाखवा: एक शाळकरी पोर, एक चष्म्यातले आजोबा, एक त्या धंद्यातलं माणूस. काही सांगू नका, फक्त "वाचा" म्हणा. जो अडखळेल, तो जिथे अडखळला तिथे तुमची चूक आहे.

शेवटी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि फ्लेक्सवरचा लाल-पिवळा आधी विटतो. 'कलम'चा जोड फक्त रंगावर अवलंबून असता तर दुसऱ्या वर्षी दिसला नसता; म्हणून तिथे डोळ्याचा आकार आणि एक बारीक पांढरी फट ठेवली. पत्रक आणि लेबलावर तीच फट एका रंगाच्या छपाईतही कामाला आली.

नाटकाची पाटी

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) दिवस सुरू झाले की वडसा इथल्या नाटक कंपन्यांची पोस्टरं गावोगाव लागतात. तिथे नटांचे चेहरे हवेतच, प्रेक्षक त्यांच्यासाठी येतो. पण चेहऱ्यांच्या गर्दीत नावच वेगळं ओळखू यायला हवं. नाटकाच्या नावात वस्तू शोधू नका, स्वभाव शोधा. रडवणाऱ्या नाटकाची शिरोरेघ एका बाजूला किंचित खचू द्या. भांडणाच्या नाटकात जोडाक्षराचे दोन भाग एकमेकांवर चढू द्या. आणि पोस्टर रात्री बल्बच्या उजेडात वाचलं जातं, तेव्हा पिवळ्यावर पांढरं अक्षर कधीच नको.

भिंतीवर चढवताना

भिंत निवडली की मालकाची परवानगी लेखी घ्या. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, त्यामुळे पुलाच्या, शाळेच्या, सरकारी इमारतीच्या भिंतीला हात लावू नका. चुन्याच्या भिंतीवर आधी प्रायमर. नाहीतर पोपडे निघतात आणि अक्षराचं चित्र अर्धवट गळून पडतं. गेरूच्या रेघा, मग पेन्सिल, मग बाह्यरेषा, मग भरणं. शिरोरेघ मी सगळ्यात शेवटी, एका दमात ओढतो. जुन्या पेंटरांकडून उचललेली सवय आहे. शब्दाला एकसंधपणा तिथूनच येतो.

'खोल'चा काना दर दिवाळीला पुन्हा ओढावा लागतो. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांनी चिखल उडतो आणि खालचे दोन फूट काळे होतात. पहिल्या वर्षी नंबर तिथेच होता, ऑगस्टमध्ये तो वाचता येईना. आता काना पायापर्यंत जातो, पण नंबर त्याच्या बाजूला, जमिनीपासून तीन फुटांवर लिहितो.